वाचकांचे प्रश्न : नष्ट करण्याचा हुकूम झालेला ‘नोस्फेरातू’

मागील अंकात मूकपटांवरील लेखात फ्रीडरिख विल्हेल्म मुर्नाउ यांच्या ‘नोस्फेरातू’ (1922) या जर्मन भयपटाचा ओझरता उल्लेख होता. काउंट ओर्लोक हा रक्तपिपासू उमराव डोंगरातील आपला किल्ला सोडून जहाजाने विस्बोर्ग नावाच्या बंदरात येतो, त्याच्याबरोबर उंदीर आणि प्लेग येतो, आणि शेवटी एलेन ही विवाहित तरुणी स्वतःचा बळी देऊन त्याचा अंत घडवते, असे त्याचे कथानक आहे. त्या उल्लेखावरून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : न्यायालयाने हा चित्रपट नष्ट करायला लावला होता असे वाचनात आले. एवढी कठोर शिक्षा कशासाठी झाली? आणि ती झाली असेल, तर आज आपण पाहतो तो चित्रपट आला कोठून?
– एक वाचक, सांगली

शिक्षा झाली ती स्वामित्वहक्काच्या उल्लंघनाबद्दल. आल्बिन ग्राउ आणि एन्रिको डीकमान यांनी 1921 साली बर्लिनमध्ये ‘प्राण-फिल्म’ ही कंपनी काढली. कंपनीच्या नावातला प्राण आपल्याच योगशास्त्रातला आहे, कारण ग्राउ यांना गूढविद्येचे विलक्षण आकर्षण होते. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी 1897 साली प्रसिद्ध झाली होती आणि 1912 साली त्यांचे निधन झाले होते, परंतु जर्मनीत कादंबरीचे हक्क अबाधित होते आणि ते त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स स्टोकर यांच्याकडे होते. कंपनीने त्यांची परवानगी घेतली नाही. पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी ड्रॅक्युलाचा ओर्लोक केला, कादंबरीचा तरुण नायक हार्करचा हुटर केला, त्याची पत्नी मीनाची एलेन केली आणि कथा लंडनहून उचलून 1838 सालच्या एका काल्पनिक जर्मन बंदरात नेऊन ठेवली. इतके करूनही चित्रपटाच्या आरंभीच्या पाटीवर मात्र कथा स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’वरून घेतली असल्याचे सरळ छापले होते. नावे बदलली म्हणजे कथा आपली झाली, असा त्यांचा समज असावा.

4 मार्च 1922 रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात मोठा थाटमाट करून पहिला खेळ झाला. त्याची वार्ता फ्लोरेन्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी ब्रिटिश लेखक संघटनेच्या मदतीने दावा लावला. तोवर प्राण-फिल्मचे दिवाळे वाजले होते, त्यामुळे नुकसानभरपाई मिळण्याची आशा उरली नव्हती. अखेर 1925 साली न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती आणि निगेटिव्ह नष्ट करण्याचा हुकूम दिला. या प्रकरणात फ्लोरेन्स स्टोकर यांना कलेच्या वैरी ठरवण्याची प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. पतीच्या लेखनातून मिळणाऱ्या उत्पन्नावर उतारवयात विसंबून असलेल्या एका विधवेने आपला कायदेशीर हक्क मागितला, एवढाच त्यांचा अपराध होता.

तरीही चित्रपट वाचला, कारण हुकूम होण्यापूर्वीच त्याच्या प्रती देशाबाहेर गेल्या होत्या आणि जर्मन न्यायालयाचा हात तेथवर पोहोचत नव्हता. 1928 साली लंडनमध्ये आणि 1929 साली न्यूयॉर्कमध्ये तो दाखवला गेला. त्याच सुमारास जर्मनीत कोणीतरी त्याची कापाकापी करून, आवाज जोडून, ‘बारावा तास’ या नावाने 1930 साली वेगळाच चित्रपट म्हणून तो बाजारात आणला. आता यातील विलक्षण भाग पाहा. आज जी सर्वांत विश्वसनीय आवृत्ती मानली जाते, तिचा पाया पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपटसंग्रहालयात राहिलेली 1922 सालची, फ्रेंच पाट्यांची (म्हणजे पडद्यावरच्या मजकुराची), रंगीत छटांची प्रत हा आहे. तिच्यात नसलेली दृश्ये एका चेक निर्यात प्रतीवरून 1939 साली केलेल्या प्रतीतून घेतली गेली, काही दृश्ये त्या ‘बारावा तास’मधूनच परत मिळवावी लागली, आणि मूळ जर्मन पाट्या बर्लिनच्या सरकारी संग्रहातील आणखी एका प्रतीत सापडल्या. म्हणजे ज्याने चित्रपटाची नासधूस केली, त्याच्याच हातून चित्रपटाचे काही तुकडे टिकले. एन्नो पाटालास यांनी 1980च्या दशकात आणि पुढे लुसियानो बेरिआतुआ यांनी 2006 साली पूर्ण केलेल्या या जोडकामाशिवाय ‘नोस्फेरातू’ आपल्याला आजच्या रूपात दिसला नसता. आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’वर (1913) कोणत्याही न्यायालयाने असा हुकूम दिला नव्हता, तरी तो पूर्ण उरलेला नाही. चित्रपट टिकतो तो त्याच्या प्रती कोणीतरी सांभाळल्या म्हणून, हे यावरून लक्षात यावे.

प्रश्न : मी हा चित्रपट इंटरनेटवर कृष्णधवल पाहिला. त्यात ओर्लोक लख्ख उन्हात शवपेटी काखेत धरून गावातून चालत जातो, आणि शेवटी सकाळचे ऊन अंगावर पडताच नाहीसा होतो. इतक्या मोठ्या दिग्दर्शकाकडून अशी ढोबळ चूक कशी झाली?
– एक वाचिका, ठाणे

आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु चूक मुर्नाउ यांची नसून आपल्या हाती आलेल्या प्रतीची आहे. त्या काळची चित्रफीत प्रकाश टिपण्यात इतकी मंद होती की रात्री उघड्यावर चित्रीकरण करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे रात्रीचे प्रसंग दिवसा उन्हात चित्रित करत आणि नंतर प्रत्येक प्रतीतील तेवढी लांबी निळ्या रंगात बुडवून काढत. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट, हा संकेत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. पुढे या प्रतींवरून कृष्णधवल चित्रफितीवर नकला निघाल्या, तेव्हा रंग गेला आणि रंगाबरोबर रात्रही गेली. काही पिढ्यांनी ओर्लोकला भरदुपारी फिरताना पाहिले ते यामुळे.

याच चित्रपटाच्या बाबतीत ही हानी विशेष गंभीर का, तेही सांगितले पाहिजे. रक्तपिपासू पिशाच्च सूर्यप्रकाशाने मरते, ही आज सर्वांना ठाऊक असलेली कल्पना स्टोकर यांच्या कादंबरीत नाही. तेथे ड्रॅक्युलाची शक्ती दिवसा मर्यादित होते इतकेच. तो लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या वावरतो आणि त्याचा अंत होतो तो मावळतीच्या वेळी, कुकरी आणि सुऱ्याच्या घावांनी. उन्हाने त्याला मारण्याची युक्ती ‘नोस्फेरातू’ने पडद्यावर आणली. एलेन ओर्लोकला रात्रभर आपल्यापाशी गुंतवून ठेवते, कोंबडा आरवतो, तो दचकून मान वर करतो, खिडकीतून येणाऱ्या उजेडात छातीवर हात धरून विरू लागतो आणि जमिनीवर थोडा धूर तेवढा उरतो. पुढच्या असंख्य चित्रपटांनी, 1958 सालच्या ख्रिस्टोफर ली यांच्या ‘ड्रॅक्युला’सह, ही युक्ती उचलली. ज्या चित्रपटाचा सारा शेवट रात्र आणि पहाट यांतील फरकावर उभा आहे, त्यातून तो फरकच पुसला गेला तर प्रेक्षकाला काय समजणार?

मुर्नाउ आणि छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर उजेडाचा किती बारकाईने विचार करत होते, याचा एक नमुना सांगतो. ओर्लोकची घोडागाडी हुटरला घेऊन जंगलातून जाते तेव्हा काही क्षण पडद्यावर चक्क निगेटिव्ह येते, झाडे पांढरीफटक दिसतात आणि आकाश काळवंडते. तशात काळी गाडी पांढरी दिसून सारा परिणाम बिघडला असता, म्हणून त्या चित्रीकरणापुरती गाडी पांढऱ्या कापडाने झाकली गेली आणि निगेटिव्हमध्ये ती काळीच राहिली. एवढी काळजी घेणारे लोक ओर्लोकला चुकून उन्हात सोडतील, हे संभवत नाही. रंगवलेल्या नेपथ्याचा त्या काळी जर्मनीत बोलबाला असताना त्यांनी विस्मार आणि ल्युबेक या खऱ्या बंदरांत, स्लोव्हाकियातील ओरावा किल्ल्यात आणि तात्रा पर्वतात जाऊन चित्रीकरण केले. ओर्लोक जी ओसाड इमारत विकत घेतो, ती ल्युबेकमधील मिठाची जुनी कोठारे आहेत आणि ती आजही उभी आहेत. नेहमीच्या दारातून, नेहमीच्या जिन्यावरून भय आत येते, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : ओर्लोकची भूमिका करणारा नट खराच रक्तपिपासू होता अशी दंतकथा आहे. तिला काही आधार आहे का?
– एक वाचक, अकोला

काहीही आधार नाही. ओर्लोक साकारणारे माक्स श्रेक हे नामवंत नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यसंस्थेत काम केलेले, रंगभूमीवर मुरलेले नट होते. 1879 साली त्यांचा जन्म झाला, ‘नोस्फेरातू’नंतरही त्यांनी अनेक भूमिका केल्या आणि 1936 साली त्यांचे निधन झाले. 2000 साली आलेल्या ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ या चित्रपटाने ही कल्पना कथानकासाठी वापरली आणि लोकांनी ती खरी मानली. श्रेक यांच्यावर यात अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. टक्कल, टोकदार कान, सुळ्यांऐवजी उंदरासारखे पुढे आलेले दोन दात आणि लांबलचक नखे ही रूपकल्पना ग्राउ यांची, हे खरे. परंतु ताठ खांदे, अंगाशी घट्ट धरलेले हात आणि घाई नसलेली ती चाल श्रेक यांची आहे. रंगभूषा कोणालाही करता येते; जिन्याच्या भिंतीवर नुसत्या सावलीने, पाठीच्या बाकाने आणि पसरलेल्या बोटांनी प्रेक्षकाला खिळवून ठेवणे हे कसलेल्या नटाचेच काम आहे.

प्रश्न : परक्या देशातून आलेला, विद्रूप, घर विकत घेणारा आणि रोगराई आणणारा माणूस, हे चित्रण ज्यूद्वेषी आहे असा आक्षेप घेतला जातो. तो आपल्याला पटतो का?
– एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. बाकदार नाक, उंदीर, प्लेग आणि पूर्व युरोपातून येणारा परका, ही सारी चिन्हे त्या काळच्या जर्मन ज्यूद्वेषी प्रचारात वापरली जात होती आणि पुढे नाझींनी ती अधिक विषारी केली. त्यामुळे आजचा प्रेक्षक ओर्लोककडे पाहून अस्वस्थ होतो, ते योग्यच आहे. दुसरीकडे, पटकथाकार गालेन ज्यू होते आणि ओर्लोकचा हस्तक नोक साकारणारे आलेक्झांडर ग्रानाखही ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. मुर्नाउ स्वतः समलिंगी होते आणि त्या काळच्या कायद्याने तो गुन्हा होता. अशा माणसांनी हेतुपुरस्सर द्वेषाचा चित्रपट काढला असे म्हणणे मला अवघड वाटते.

मात्र हेतू नव्हता म्हणून चिन्हे निर्दोष ठरत नाहीत, कारण समाजात आधीच रुजलेली प्रतिमा कलावंताच्या नकळतही पडद्यावर उतरते. चित्रपट-समीक्षक सीगफ्रीड क्राकाउअर यांनी 1947 साली अशा चित्रपटांत जर्मन मनाला पडलेली हुकूमशहाची भुरळ शोधली. मला त्यांचे वाचन थोडे मागाहून सुचलेल्या शहाणपणासारखे वाटते. 1921 सालच्या जर्मन माणसाला इन्फ्लुएन्झाची साथ आणि महायुद्धातून न परतलेली मुले यांचा ताजा अनुभव होता. रिकाम्या गल्लीतून एकामागून एक शवपेट्या नेल्या जातात, ते दृश्य एलेन खिडकीतून पाहते. त्या वेळच्या प्रेक्षकाला त्यात कोणत्या सिद्धान्ताच्या आधी आपल्याच गल्लीतले मरण दिसले असावे.

प्रश्न : चित्रपट अभ्यास मंडळात हा दाखवायचा आहे. कोणती आवृत्ती निवडावी? आणि जुन्या मूकपटांत माणसे धावपळ करत असल्यासारखी का दिसतात?
– एक विद्यार्थिनी, पणजी

जुने जर्मन चित्रपट जतन करणाऱ्या मुर्नाउ प्रतिष्ठानाची 2006 सालची, सुमारे 94 मिनिटांची, रंगीत छटांची आवृत्ती निवडावी. काही पाट्यांच्या कोपऱ्यात मुर्नाउ प्रतिष्ठानाची आद्याक्षरे दिसतील. त्या पाट्या मूळ उरल्या नसल्याने जुन्या अक्षरवळणाबरहुकूम नव्याने केलेल्या आहेत. हान्स एर्डमान यांचे मूळ संगीत पूर्ण मिळत नाही, परंतु त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वाद्यवृंदरचनेच्या आधारे केलेली जुळणी या आवृत्तीला जोडलेली आहे, ती अवश्य ऐकवावी.

धावपळ दिसते ती प्रक्षेपणाच्या गतीमुळे. त्या वेळी कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण 18 चौकटी घेत. तीच फीत बोलपटाच्या 24च्या गतीने चालवली की दीड तासाचा चित्रपट सव्वा तासाच्या आत आटोपतो. येथे आणखी एक नुकसान होते. ओर्लोकची गाडी आणि अंगणात एकावर एक रचल्या जाणाऱ्या शवपेट्या मुर्नाउ यांनी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने दाखवल्या आहेत. बाकीची माणसेही तशीच पळू लागली, तर ओर्लोकचा वेग वेगळा वाटत नाही. म्हणून दाखवण्यापूर्वी आवृत्तीची लांबी पाहून घ्यावी.

सवड असेल तर दुसऱ्या दिवशी वेर्नर हेर्झोग यांचा 1979 सालचा ‘नोस्फेरातू’ लावावा. तोवर कादंबरीचे हक्क संपले होते, त्यामुळे त्यांनी ओर्लोकला पुन्हा ड्रॅक्युला हे नाव दिले, ती भूमिका करणाऱ्या क्लाउस किन्स्की यांना मात्र श्रेक यांचेच रूप दिले आणि शेवट उलटा फिरवला: ड्रॅक्युला मरतो, परंतु हार्कर त्याचा वारसा घेऊन घोड्यावरून निघून जातो. रॉबर्ट एगर्स यांची 2024 सालची आवृत्ती या दोन्हींनंतर पाहिली, तर त्यांनी एलेनला कथेच्या केंद्रस्थानी का आणले, यावर मंडळात चांगली चर्चा होईल.