जे वचन दिलंच नव्हतं, ते मोडलं असं वाटतंय तेव्हा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे’ असं देव म्हणतो ते) भिंतीवर लावून अभ्यास केलास, तरी प्रवेशपरीक्षा गेली. आता खोलीतला मित्र म्हणतो की बायबल तर मागाहून बदललेलंच आहे. मग कशाच्या भरवशावर टिकायचं? ‘प्रार्थना वाढव, शंका सोड’ असं कुणीतरी सांगितलंच असेल. त्यातला पहिला भाग पाळ. दुसऱ्याबद्दल मला बोलायचंय.

आधी यिर्मया. ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना ते पाठवलं होतं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या बरोबर आधी, दहाव्यात, बाबेलातली ‘सत्तर वर्षे’ आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण बाबेलातच मरणार होते. तरीही देवाने त्यांना टाकलेलं नाही, एवढं ते पत्र ठामपणे सांगतं. तुला या परीक्षेत यश मिळेल असं त्यात कुठेच नाही. ती हमी हनन्याच्या थाटाची होती, आणि ती तुला बहुधा एखाद्या सुंदर चित्रावरच्या ओळीने दिली.

तरुणांसोबत शास्त्राभ्यासाला बसताना मला हेच वारंवार दिसतं. शास्त्रावरचा भरवसा बहुतेक वेळा शास्त्राने न दिलेल्या वचनांमुळे उडतो. फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ घे. ‘मी सर्वकाही करू शकतो’ हे प्रेषित पौल बंदिवासातून लिहितो, आणि आधीच्याच ओळीत तो तृप्त असणं आणि भुकेलं असणं या दोन्हींबद्दल बोलतो. जिंकण्याचा तिथे विषयच नाही. म्हणून माझा एकच आग्रह: सुटी वचनं काही काळ बाजूला ठेव आणि पुस्तकं सलग वाच. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं.

आता ‘बदललेलं आहे’ हा आक्षेप. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये हस्तलिखितं सापडत गेली. त्यात यशयाची जवळजवळ संपूर्ण गुंडाळी होती, ख्रिस्तपूर्व काळातली. त्याआधी अभ्यासकांच्या हाती असलेल्या संपूर्ण इब्री (हिब्रू) प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहिल्यावर फरक निघाले, बरेचसे शब्दलेखनाचे आणि किरकोळ, काही अर्थाला स्पर्श करणारेही. पण ग्रंथ तोच होता. नव्या करारातही पाठभेद (प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक) आहेत आणि कुणी ते दडवलेले नाहीत. मार्क १६:९-२० आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींमध्ये नाही, असं कित्येक छापील बायबलांत तळटीप देऊन सांगितलेलं असतं. हे तू मित्राला स्वतःहून दाखव. ज्याला लपवाछपवी करायची असते तो तळटीप देत नाही.

एवढ्याने येशू मेलेल्यांतून उठला हे सिद्ध होत नाही, हेही खरं. जुनी प्रत मजकूर जपल्याचं सांगते, घटना घडल्याचं नाही. त्यासाठी १ करिंथ १५ वाच. येशूनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी लिहिताना पौल म्हणतो की पाचशेहून अधिक बंधूंनी उठलेल्या येशूला एकाच वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. इथून पुढे विश्वास ठेवायचा की नाही हे तुझं तुलाच ठरवावं लागेल.

शंका पाप आहे का, असंही विचारलंयस. मत्तय २८:१७ मध्ये शिष्य उठलेल्या येशूला नमन करतात, ‘पण कित्येकांस संशय वाटला’. पुढच्याच वचनांत त्याच लोकांना तो जगभर पाठवतो. संशयितांना वेगळं काढत नाही. बिरुया नगरातले लोक तर पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासत होते आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्याबद्दल त्यांचं कौतुक करतं. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर चिडणारा, किंवा ‘फक्त आमच्या गटालाच खरा अर्थ कळतो, घरच्यांना सांगू नकोस’ म्हणणारा पुढारी भेटला तर तिथून सरळ बाहेर पड. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आणि मध्यंतरी उपासना, वाचन सगळं सुटलं म्हणून संपलं असं समजू नकोस. पौलाचा सोबती योहान मार्क प्रवासात पंफुल्या प्रांतातून त्याला सोडून परत गेला होता. पुढे त्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी निरोप आहे: मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. परतीचा रस्ता तुलाही आहे, फक्त एकट्याने चालू नकोस. मंडळीत वयाने मोठं, फारसं न बोलणारं, पण संकटातून गेलेलं एखादं माणूस शोध आणि आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत वाचायला बस. यिर्मया २७ ते २९ पासून सुरू करा. ज्या दिवशी प्रार्थनेला शब्दच सुचणार नाहीत त्या दिवशी स्तोत्र १३ मोठ्याने वाच. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे.