सात मिनिटं एकाच पाटीवर

तुम्ही विचारलंय: "मुलगी सातवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात निवड झाली आहे. खेळातून खिलाडूवृत्ती, सगळ्यांना सामावून घेणं, व्यक्तिमत्त्व विकास हे खरंच शिकायला मिळतं का, की नुसतं म्हणायचं असतं? अभ्यास सोडून पाठवावं का?"

पाठवा. दहावीचे सवलतीचे गुण, व्यायाम, मोबाइल हातातून सुटणं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर मी लिहीत नाही. पण प्रश्नातल्या "सामावून घेणं" या शब्दांपाशी मी अडकले. कालपासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वाढले. आमच्याकडे पोरगी चालायला लागली की खो-खोच्या मैदानाकडेच जाते म्हणा ना. 1993 साली मी सातवीत होते आणि शाळेच्या मुलींच्या संघाची कर्णधार होते. आमच्या संघात एक मुलगी होती, तिला ऐकू यायचं नाही. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. तिसऱ्या वर्षी ताप मेंदूत गेला आणि कान गेले. खिशात ठेवायचं एक यंत्र तिच्याकडे होतं, त्याची वायर कानापर्यंत जायची. मैदानावर उतरताना ती ते काढून रुमालात गुंडाळून माझ्या दप्तरात ठेवायची.

पळतीत तिला तोड नव्हती. दोन पाट्यांच्या, म्हणजे आक्रमण करणाऱ्या मुली बसतात त्या जागांच्या, मधून अशी निसटायची की मागच्या मुलीचा हात हवेतच राहायचा. तिला आरडाओरडा ऐकूच येत नसल्यामुळे ती गोंधळायची नाही. सगळं लक्ष समोरच्या मुलीच्या खांद्यांवर आणि कमरेवर. खांदा कुठे झुकला की ती उलट्या बाजूला.

अडचण आक्रमणात होती. खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीला मागून हात लावायचा आणि "खो" हा शब्द मोठ्याने, स्पष्ट म्हणायचा. नुसता हात लावून चालत नाही. तिला खो मिळाला तर पाठीवरच्या हातावरून ती बरोबर उठायची, आमच्यापेक्षा लवकर उठायची. पण पुढे खो द्यायची वेळ आली की तिच्या तोंडून "ओ" यायचं. पंच फाऊलची शिट्टी वाजवायचे. फाऊल झाला की आक्रमकाला उलट्या दिशेला वळावं लागतं. शिट्टी तिला ऐकू यायची नाही, ती तशीच पुढे पळायची, की दुसरा फाऊल. तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात एका फाऊलचे तीन झाले.

त्या संध्याकाळी सरांनी तोडगा काढला. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. स्वतःच्या पगारातून आमच्या चड्ड्या-बनियन शिवून घेणारा माणूस. ते म्हणाले, ती पळतीला हवीच, म्हणून नवातून काढायची नाही. आक्रमणाला बसू दे, पण तिच्या पाटीला कुणी खो द्यायचा नाही. खो तिला सोडून पुढच्या पाटीला.

मी कर्णधार होते. मी "हो सर" म्हणाले, आणि बाकीच्या सातही जणींना बजावलं. तिला मात्र कुणी काही सांगितलं नाही. कसं सांगायचं हेच कुणाला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर सांगायची हिंमत नव्हती.

जिल्ह्याचा अंतिम सामना. आमच्या गटात डाव सात मिनिटांचा होता. ती खांबापासून तिसऱ्या पाटीवर बसलेली. पंजे जमिनीत रोवलेले, मान वळवलेली, पाठ ताठ. खो-खो खेळलेल्या माणसाला सांगायला नको, त्या बसण्यात शरीर कसं ताणलेलं असतं ते. आपल्या मागे काय चाललंय हे पूर्ण दिसत नाही, पाठीवर हात कधी पडेल याचीच वाट. पहिल्या डावात सात मिनिटं ती तशी बसली. दुसऱ्या डावात पुन्हा सात मिनिटं. आम्ही तिच्या मागून किती वेळा गेलो असू देव जाणे. मी स्वतः गेले. एकदा पळणारी मुलगी तिच्या अगदी समोर होती. खो दिला असता तर एका पावलात गडी बाद झाला असता. माझा हात उठलासुद्धा होता. मी तो मागे घेतला आणि पुढच्या पाटीला खो दिला.

आम्ही एका गुणाने जिंकलो. पळतीत ती पहिल्या डावात साडेतीन मिनिटं टिकली होती, ती टिकली नसती तर हरलोच होतो. ढाल मिळाली, फोटो निघाला. फोटोत ती आहे, माझ्या शेजारी, ढालीची एक बाजू तिच्या हातात.

रात्री आम्ही एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपलो होतो. दिवा घालवायच्या आधी ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवला. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे खो देतात तिथे. थोडा वेळ धरून ठेवला आणि मग आपल्या जागेवर जाऊन झोपली. एवढंच. तिला सगळं समजलं होतं.

माझा मोठा भाऊ तेव्हा मैदानावर होता. तो स्वतः चांगला खेळाडू, आता संध्याकाळी गावातल्या मुलांना शिकवतो. त्याचं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही तेच आहे: "सरांनी बरोबर केलं. ती संघात होती, खेळली, ढाल मिळाली. अजून काय पाहिजे? स्पर्धा जिंकायला असते, दया दाखवायला नाही." जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. माझे डोळे भरून आले होते. आणि दादा म्हणाला, "बघ, तिथे कुणी कुणाला सांभाळून घेत नाही." बत्तीस वर्षांनी पुन्हा तेच.

त्या दिवशी मी गप्प बसले, पण आज तुमच्या निमित्ताने बोलते. दया हा शब्दच इथे चुकीचा आहे. तिने आम्हाला साडेतीन मिनिटं दिली, म्हणजे सांभाळून कुणी कुणाला घेतलं? आणि डावपेच म्हणून पाहिलं तरी ते चूकच होतं. दुसऱ्या डावात समोरच्या संघाच्या लक्षात आलं की तिसरी पाटी मेलेली आहे. त्यांची मुलगी बिनधास्त त्या पाटीशी येऊन वळायला लागली, तिथे तिला भीतीच नव्हती. आठ पाट्यांचा खेळ आम्ही सातावर खेळत होतो. दादा, तू इतकी वर्षं पोरांना शिकवतोस, मेलेली पाटी ठेवून आक्रमण कर असं एका तरी पोराला शिकवशील का?

लोक सहज म्हणतात की मैदानावर सगळे सारखे. मला ते वाक्य ऐकवत नाही. पळवणकर बाळूंचं उदाहरण घ्या. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला, पुण्याच्या मैदानांवर घडलेला क्रिकेटचा गोलंदाज, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणारा. त्यांच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ सामने जिंकायचा, आणि चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात मिळायचा. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना, 1923 साली, तेही बरीच भांडणं झाल्यावर. बाळूही "संघात होते"च की. खेळ आपोआप कुणाला सामावून घेत नाही. तिथे कुणाला तरी तोंड उघडावं लागतं, आणि मी उघडलं नव्हतं.

पुढच्या वर्षाचं सांगते, कारण खरं शिकणं तिथे झालं. आमच्या मराठीच्या बाईंना मी सगळं सांगितलं, रडत रडतच. बाई व्याकरण शिकवायच्या: क अल्पप्राण, ख महाप्राण, दोन्ही कंठ्य. त्या म्हणाल्या, ओठांवर ख दिसत नाही, म्हणून तिला तो कधी कळलाच नाही. तिला दाखवू या. मग रोज मधल्या सुट्टीत आम्ही तिघी बसायचो. तिचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा तळहात तोंडासमोर. क म्हटलं की तळहाताला जेमतेम काही लागायचं. ख म्हटलं की हवेचा झोत लागायचा. मग तेच ती स्वतःच्या गळ्यावर आणि तळहातावर करून बघायची. तुम्हीही आत्ता करून बघा, फरक लगेच कळेल. तिला अडीच महिने लागले. आधी नुसता खाकरल्यासारखा आवाज, मग "खॉ", मग एके दिवशी "खो". कुणाच्याही "खो"सारखा नव्हता तो, जाडसर आणि घशातून आलेला, पण होता "खो"च.

तालुक्याच्या पहिल्या सामन्याआधी मी पंचांकडे गेले. पाय लटपटत होते. म्हटलं, आमच्या एका मुलीला ऐकू येत नाही, ती खो असा म्हणते, एकदा ऐकता का? त्यांनी तिला बोलावलं. ती म्हणाली. ते म्हणाले, पुन्हा. ती पुन्हा म्हणाली. "मला कळतंय. चालेल." मग मी विचारलं, शिट्टीबरोबर हातही जरा उंच कराल का? ते म्हणाले, करतो की. झालं. दोन मिनिटांचं काम. नियमातला काना-मात्रासुद्धा बदलावा लागला नाही. एक वर्ष आधी हेच विचारलं असतं तर? आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. बधिरांच्या ऑलिंपिक स्पर्धा 1924 पासून होतात आणि तिथे धावण्याच्या शर्यती दिव्याच्या इशाऱ्यावर सुटतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. जगाने जे कधीच शोधून ठेवलं होतं ते आम्ही एका पंचाच्या हातावरून नव्याने शोधत होतो.

त्या सामन्यात एक गोष्ट घडली. ती पळतीला होती, बाद झाली, शिट्टी झाली. पंचांचा हात वर होता, पण तिची त्यांच्याकडे पाठ होती, म्हणून ती पळतच राहिली. समोरच्या मुली ओरडायला लागल्या, चीटिंग चीटिंग. मी बाहेरून कानाला हात लावून खुणा करत होते. त्यांच्या कर्णधाराच्या लक्षात आलं. त्यानंतर तिच्या दुसऱ्या पळतीला, तिला बाद करणारी त्यांची मुलगी वळसा घालून तिच्या समोर आली, दोन्ही हात वर केले, आणि मगच आपल्या खेळाकडे वळली. तोवर आमची पुढची तुकडी आत आली होती, म्हणजे तिचे दोन-तीन सेकंद वाया गेले. खो-खोत तीन सेकंद म्हणजे काय हे खेळणाऱ्याला विचारा. खिलाडूवृत्ती कुठे बघितलीस असं मला कुणी विचारलं तर मी त्या अनोळखी मुलीचं नाव घेईन, पण नाव मला माहीत नाही.

तो सामना आम्ही जिंकलो, पुढचा हरलो. जिल्ह्याला गेलोच नाही. दादा हेही सुनावतो.

व्यक्तिमत्त्व विकासाबद्दल विचारलंत. ते शिबिराच्या पत्रकात छापतात तसं काही मला कळत नाही. मला खो-खोने दोन गोष्टी दिल्या. खो मिळेपर्यंत उठायचं नाही, आणि खो मिळाला की विचार करत बसायचं नाही. नोकरीत, सासरी, आईच्या आजारपणात, दोन्ही उपयोगी पडल्या. तिसरी गोष्ट खेळाने दिली नाही, त्या रात्रीने दिली. आज ऑफिसच्या बैठकीत कुणी तासभर नुसतं बसून आहे असं दिसलं की मी त्याला नावाने विचारते, तुमचं काय म्हणणं आहे. लोकांना वाटतं ही सवय आहे.

आता तुमच्या मुलीबद्दल. अभ्यास बुडेल ही भीती मला पटत नाही, पहाटेचा सराव करणारी पोरं संध्याकाळी वेळेवर पुस्तक घेऊन बसतात. मात्र निवड झाली या आनंदात राहू नका. एकदा सराव बघायला जा आणि मुलीला बघू नका, बाकीच्यांना बघा. कुणाला खो मिळत नाही ते बघा. राखीव खेळाडूंकडून नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरून घेतात का ते बघा. तुमच्या मुलीच्या शिक्षकांना ते दिसत नसेल तर तुम्ही सांगा, आणि मुलीलाही सांगायला शिकवा. ती तुमचं ऐकून सरांशी बोलली आणि संघातून वगळली गेली, तरी तिला रागवू नका.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. मैदान कठीण असेल तर गुडघे आणि घोटे जातात, माझा डावा गुडघा आजही दुखतो. माती भुसभुशीत केलेली आहे का बघा. बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत बाई शिक्षिका आहेत का, मुलींना कपडे बदलायला बंद जागा आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे विचारल्याशिवाय सोडू नका. मुलीला स्वतःलाच खेळायचं नसेल तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा. आणि सगळ्याच मुलांना साध्या संघात खेळवावं असंही माझं म्हणणं नाही. काहींना आपल्यासारख्यांच्याच संघात जास्त मोकळं वाटतं, ते त्यांना विचारून ठरवावं. आमचं चुकलं ते इथेच, आम्ही तिला विचारलं नाही.

ती आता मिरजेला असते, शिवणकाम करते, दोन मुलं आहेत. दिवाळीला व्हिडिओ कॉल करते. बोलणं खुणांनीच, पण फोन ठेवताना ती प्रत्येक वेळी तळहात तोंडासमोर धरते आणि "खो" म्हणते. मग मी म्हणते.

दादा, तू हे वाचशीलच. ढालीचा तो फोटो मी अल्बममधून काढून टेबलावर ठेवलाय. रविवारी ये, आणि तिसऱ्या पाटीबद्दल विचारलंय त्याचं उत्तर घेऊन ये.