वाचकांचे प्रश्न : स्वॅप झाला, माग उरला

प्रश्न : लाइटकॉइन देऊन बिटकॉइन घेतले. एक्स्चेंज नाही, थेट अटॉमिक स्वॅप, म्हणजे मध्यस्थाविना दोघांनी आपापसांत केलेली नाण्यांची अदलाबदल. आता हा व्यवहार खासगीच ना?

उत्तर : नाही. तिसऱ्या कुणावर विश्वास टाकावा लागला नाही, एवढेच. साध्या अटॉमिक स्वॅपमध्ये दोन्ही साखळ्यांवर (दोन्ही नाण्यांच्या जाहीर नोंदवह्यांवर) एकाच हॅशचे, म्हणजे एका गुपित आकड्यापासून काढलेल्या ठशाचे, कुलूप असते. एकाने तो गुपित आकडा उघड करून नाणी उचलली की तोच आकडा वापरून दुसरा आपली उचलतो. म्हणजे तोच हॅश दोन्हीकडे कायमचा नोंदला गेला. शोधणाऱ्याने फक्त जुळवायचा. अडॅप्टर सहीच्या (गुपित सहीतच दडवणाऱ्या) स्वॅपमध्ये असा समाईक हॅश नसतोच. वॉलेट निवडताना आधी हे विचारा.

प्रश्न : अटॉमिक स्वॅपमध्ये माझे बिटकॉइन कुलूपबंद झाले, बदल्यात मिळायचे मोनेरो (व्यवहार झाकून ठेवणारे नाणे) अजून आले नाहीत. ॲप बंद करून उद्या बघितले तर चालेल?

उत्तर : कृपा करून बंद करू नका. आधी खरेच अडकले आहे का ते पाहा. मोनेरो खर्चता येण्याआधी १० ब्लॉक (साखळीत एकामागून एक जोडले जाणारे व्यवहारांचे गठ्ठे) जावे लागतात, म्हणजे साधारण २० मिनिटे. तुमच्या बिटकॉइन व्यवहाराचे शुल्क कमी पडले असेल तर तो पक्का होईपर्यंत समोरचा मोनेरो पाठवणारच नाही.

खरेच अडकले असेल तर मुदतींकडे लक्ष हवे. मोनेरोत टाइमलॉकची स्क्रिप्ट (ठरलेल्या मुदतीपर्यंत नाणी अडवणारा कोड) नाही, त्यामुळे सगळ्या मुदती बिटकॉइनच्या बाजूला असतात. पहिली संपली की स्वॅप रद्द करता येतो आणि तुम्ही परतावा घ्यायचा. त्या परताव्याच्या सहीतून कुलूपबंद मोनेरोची तुमच्या वाट्याची अर्धी किल्ली समोरच्याला मिळते आणि तो आपले मोनेरो सोडवतो. दुसरी मुदतही उलटली आणि तुम्ही आलाच नाहीत, तर तो तुमचे बिटकॉइन दंड म्हणून नेऊ शकतो. ॲप बंद ठेवण्याचा धोका हाच. मुदत ब्लॉकांत मोजतात : ७२ ब्लॉक म्हणजे सरासरी १२ तास, पण ब्लॉक भराभर आले तर त्याआधीच संपते. घड्याळ लावून झोपू नका. स्वॅपचा डेटा फोल्डरही पुसू नका. परताव्याला लागणाऱ्या किल्ल्या त्यातच असतात.

प्रश्न : बिटकॉइनचे मोनेरो आणि लगेच पुन्हा बिटकॉइन केले, तर माग तुटतो का?

उत्तर : मोनेरोच्या आत रक्कम झाकलेली असते, पण दोन्ही टोके बिटकॉइनवर उघडी आहेत. सकाळी ०.७३१८ आत गेले आणि तासाभरात ०.७२९१ बाहेर आले, तर शुल्क वजा करून कुणीही अंदाज बांधेल. रकमेचे असमान तुकडे करा, मध्ये काही दिवस जाऊ द्या, प्रत्येक तुकड्याला नवा पत्ता द्या. इथवर बरेच जण नीट करतात. चूक नंतर होते : महिन्याभराने मोठी रक्कम द्यायची म्हणून ते सगळे तुकडे एकाच व्यवहारात खर्चले जातात आणि सारे पत्ते एका ओळीत येतात, म्हणजे ते एकाच मालकाचे हे उघड होते. वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल सुरू करून कोणता तुकडा जातोय ते दर वेळी स्वतः निवडा.