बांड्या गाईचे पांढरेच कातडे का सोलते?

प्रश्न: आमची काळी-पांढरी बांडी गाय वैशाखात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरायला जात असे. चार दिवसांपूर्वी तिने वैरण सोडली, शेण कमी व घट्ट झाले, डोळे पिवळे दिसू लागले आणि नाकपुड्या, कास व पांढऱ्या भागावरचे कातडे तडकून सोलू लागले. काळ्या भागाला काहीच झालेले नाही. शेजारी म्हणतात ऊन लागले. आम्ही खोबरेल तेल व हळद लावतो. हे पुरेसे आहे का? (एक शेतकरी, राजापूर तालुका)

उत्तर: उन्हाचा संबंध आहे, पण मूळ दुखणे यकृताचे दिसते. आपण लिहिलेली लक्षणे घाणेरीच्या, म्हणजेच टणटणीच्या, विषबाधेशी जुळतात. तिच्या पानांतील लँटाडीन या विषामुळे यकृतातून पित्त बाहेर पडेनासे होते व कावीळ होते. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून कोठीपोटातील (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार करतात. निरोगी गाय ते पित्तावाटे टाकून देते, पण ती वाट अडली की ते रक्तात साठते, कातडीपर्यंत पोचते आणि तेथे सूर्यप्रकाश शोषून भोवतालच्या पेशी जाळते. काळ्या कातडीतील रंगद्रव्य प्रकाश आत शिरू देत नाही, म्हणून तो भाग वाचला. (म्हशीची कातडी शाबूत दिसली तरी ती सुखरूप आहे असे समजू नये, यकृत तिचेही बिघडते.)

तेल-हळदीने जखमेला थोडा आराम पडेल, पोटातले विष मात्र तसेच राहील. या विषाने कोठीपोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे खाल्लेला पाला तेथेच पडून विष रक्तात सोडत राहतो आणि चरणे थांबवूनही गाय खालावत जाते. म्हणून पशुवैद्यकांना आजच बोलवावे. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम सक्रिय कोळसा (विष शोषून धरणारी औषधी कोळशाची पूड) पाण्यात कालवून नळीने पोटात सोडणे आणि शिरेतून सलाईन देणे ही त्यांची कामे आहेत. चुलीतला कोळसा कुटून पाजल्याने ते साधत नाही. तोवर गाईला अंधाऱ्या गोठ्यात बांधावे, हिरवा चारा बंद करून भाताचा पेंढा द्यावा व पाणी सतत समोर ठेवावे.

गुरे घाणेरी आवडीने खात नाहीत. सड्यावरचे गवत संपले की भुकेपोटी, किंवा झुडपाची ओळख नसलेले जनावर नव्याने विकत आणले की, ती पोटात जाते. गडग्याकडेची (दगडी कुंपणाकडेची) घाणेरी तोडली तर तेथेच टाकू नये, कारण वाळलेल्या पाल्यातही विष टिकून राहते.