मातीचे दागिने: सुरुवातीला एवढंच

ताई, तुम्ही फोटो टाकलेले मातीचे झुमके छान जमलेत, फक्त तडे गेलेत. हात नाही, माती चुकली. शेतातली काळी माती घेतलीत ना? ती पाण्याने फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात धुऱ्यावर भेगा पडतात तशाच कानातल्यांवर पडणार. गावच्या कुंभारदादांकडून मळलेली माती मागून आणा.

आता एवढंच सांभाळा:

- वाळवणं सावलीत, ओल्या फडक्याखाली, हळूहळू. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे दागिन्याचा काळच.
- भोक माती ओली असतानाच सुईने पाडा, ओवायच्या तारेपेक्षा थोडं मोठं. वाळता-भाजताना माती साधारण दहावा हिस्सा आटते.
- पूर्ण वाळल्याशिवाय भाजू नका, आतल्या वाफेने मणी फुटतो. गाडग्यात घालून कुंभारदादांच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, ठेवायला द्या. गॅसवर भाजायचा नाद नको, माती कच्ची राहते.
- कानात अडकवायचे आकडे चांगल्या स्टीलचे घ्या. स्वस्तातल्या निकेलच्या आकड्यांनी कान चिघळतात, अन् मग बाई दुसऱ्यांदा काही घेत नाही.

रंग, चकाकी, मोठे हार सध्या राहू द्या. आधी एकसारखे गोल मणी वळा, कंटाळा येईस्तोवर. जोडी तळहातावर तोलून पाहा; जड वाटली तर कान ओघळणारच. पुढच्या आव्यातले फोटो टाका, फुटलेल्यांचेही.