आई अचानक गेली, आता दोन महिन्यांच्या बाळाची रात्रभर धास्ती वाटते. हे आमच्या रक्तातच आहे का? बाळाच्या श्वासाचं अलार्म यंत्र घ्यावं का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे, "घरातले म्हणतात, बाळ आलं आणि आजी गेली." मी लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. नाहीतर यंत्राबद्दल इथं कुणीही सांगितलं असतं.

माझी मुलगी महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा माझी आई गेली. मी बाळंतपणाला माहेरी होते, सोलापुरात, पूर्व भागात. एप्रिल महिना. आईचा कडक भाकरीचा छोटा धंदा होता. लग्नाच्या ऑर्डरी, पुण्या-मुंबईला जाणारी पाकिटं. पहाटेपासून शेगडीपुढं बसून थापायचं, भाजायचं, मग वाळवायचं. त्यात माझं बाळंतपण, त्यात गच्चीवर कुरडया-पापड. वडिलांची शुगर वेळच्या वेळी तपासली जायची, कारण तारीख आईच्या डोक्यात असायची. शुगर आईलाही होती. तिची तारीख कुणाच्याच डोक्यात नव्हती.

सगळे म्हणाले, अचानक गेली. कसली अचानक? बरेच दिवस तिला गच्चीचा जिना चढताना धाप लागत होती, मधल्या पायरीवर बसायची. पाठीत, दोन खांद्यांच्या मधे दुखायचं, तर भाकरी थापून दुखतंय असं ठरलं. जबडा धरायचा, तर दाढ. वरच्या पोटात जळजळ, तर पित्त. आणि दरदरून घाम. आता सोलापुरात एप्रिलमध्ये शेगडीपुढं बसलेल्या बाईला घाम आला तर कोण विचारणार? बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा असाच आडवळणानं येतो, मधुमेह असेल तर जास्तच. छातीत कळ येऊन कोसळणं प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. आदल्या संध्याकाळी तिला गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. ५६ वर्षांची बाई, शुगर, घाम, धाप, पाठदुखी, आणि ईसीजी नाही. ईसीजी काढायला दहा मिनिटं लागतात. तो डॉक्टर अजून तिथंच बसतो आणि त्याच्याकडं अजून गर्दी असते.

सकाळी ती परातीपुढं कलंडली. शेजारपाजार जमला. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला, एकीनं तळपाय चोळले, कुणीतरी तोंडात पाणी ओतलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी! एक पोरगा रिक्षा आणायला धावला, १०८ कुणाला सुचलं नाही. छाती कुणीच दाबली नाही. माणूस हाका मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ लावायचा आणि छातीच्या मधोमध एकावर एक तळवे ठेवून जोरात दाबायला लागायचं. निदान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल म्हणून घाबरायचं नाही. मी शिकवते त्या शाळेत पुढं एक शिबिर झालं, तिथं हे कळलं. त्यानं आई वाचलीच असती असा माझा दावा नाही. कांद्यानं कुणी वाचत नाही, हा मात्र आहे.

मग मैतावर आलेला जो तो म्हणायला लागला, भाग्यवान बाई, अंथरुणाला खिळली नाही, कुणाला त्रास दिला नाही. भाग्यवान कोण? ज्यांच्यावर सेवा करायची वेळ आली नाही ते. तुम्हालाही हे ऐकवलं असेलच. ऐकून घ्यायची सक्ती नाही.

मला ओली बाळंतीण म्हणून आईजवळ जाऊ देईनात. मी गेले. आणि तिथंच आत्यानं माझ्या मांडीवरच्या मुलीकडं बघून म्हटलं, "पांढऱ्या पायाची हाय गं ही. आली आन् घरची लक्ष्मी घिऊन गेली." आत्या अक्कलकोटची, वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढं वडील जन्मात बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही.

आता तुमच्या घरच्यांसाठी. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचायला वर्षानुवर्षं लागतात. आईच्या वाहिन्या माझं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हापासून भरत असणार. एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळं दुसरं झालं, असं असतं तर लसीनं बाळं दगावतात ही आवईही खरी मानावी लागेल. बाळ झोपेत दगावण्याचं, कारणच सापडत नाही असं जे मरण असतं, त्याचा धोका सगळ्यात जास्त दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असतो. आपल्याकडं लशी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना असतात. मग एखादं बाळ लशीनंतर दगावलं की दोष लशीला. खरं तर लस घेतलेल्या बाळांत हा धोका जास्त नसतो, उलट कमी दिसतो. बाळाला 'पांढऱ्या पायाचं' म्हणणारं डोकं आणि लस बुडवणारं डोकं एकच.

आईच्या पश्चात बाळंतपण करायला आत्याच राहिली. खोलीच्या खिडक्या बंद, आत निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा आणि वेखंड टाकून धुरी. बाहेर ४२ अंश. बाळाला कुंची, वर दुपटं, त्यावर सोलापुरी चादर. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी. आणि झोपवायचं पालथं, "वायू सुटतो." मी काही म्हटलं की एकच उत्तर, "आमी पाच लेकरं अशीच वाडवली की." पाचातलं एक पाळण्यातच गेलं होतं, झोपेत. घरात त्याला दृष्ट लागली असं म्हणायचे. ते कशानं गेलं हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण एका भांडणात मी तिला म्हटलं, "पाच नाही आत्या, चार." ती दोन दिवस बोलली नाही. उशी मात्र तिनं स्वतःच काढली. मला लोकांनी फार नावं ठेवली. ठेवू देत. ती राई कैरीच्या लोणच्याला वापरली.

तुमच्या बाळाचं थोडक्यात सांगते, बाकी डॉक्टरांना विचारा. उताणं झोपवायचं, दुपारी, रात्री, प्रत्येक वेळी. "दूध वर येऊन घशात अडकेल" हे आत्याचं म्हणणं होतं, तुमच्याकडंही कुणीतरी म्हणेल. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागतं. पालथं असलं की हे उलटं होतं. इंग्लंडमध्ये १९९१ आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवा अशा मोहिमा निघाल्या, अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत अशी मरणं निम्म्याहून कमी झाली. कुठलं औषध नाही, नुसती कूस बदलली. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना, तुम्ही समोर असताना थोडा वेळ पालथं ठेवा.

खाली घट्ट, सपाट अंथरूण. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत. चादर तर नाहीच, सोलापूरच्या बाईनं हे लिहावं म्हणजे बघा. झोळीत रात्रभर ठेवू नका, हनुवटी छातीला टेकली की इवलीशी श्वासनलिका दुमडते. बाळाला उकडतंय का हे तळहात-तळपायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागं किंवा छातीला हात लावून बघा. धुरी बंद. बंद खोलीतले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला वासही नसतो, बाळाइतकाच बाळंतिणीलाही धोका. विडी-सिगारेट घरात कुणीच ओढायची नाही, गच्चीवर ओढून येऊन बाळ घ्यायचं नाही. यावर सासऱ्यांना वाईट वाटेल वगैरे मला सांगू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. गुटीत मध देत असाल तर वर्षाच्या आत मध अजिबात नको.

इंग्रजी पुस्तकं म्हणतात बाळ तुमच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर, निदान सहा महिने. दहा बाय दहाच्या खोलीत हे लिहिणाऱ्यानं राहून दाखवावं. तरी खाली तुमच्या गादीला लागून त्याची वेगळी घट्ट गोधडी घालता येते, मी तेच केलं. घरात कुणी पिऊन येत असेल किंवा विडी ओढत असेल तर त्याच्या कुशीत बाळ कधीच नाही. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढू नका, ते सगळ्यात वाईट.

आता यंत्र. घेऊ नका. निरोगी बाळात ही मरणं त्यानं टळतात असा पुरावा नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा त्यासाठी ते सुचवत नाहीत. ते उगाच वाजतं आणि तुम्हाला दर वेळी मारून जिवंत करतं. एवढ्या लहान बाळाचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. तुम्ही रात्री तेच बघत बसला असाल. २० सेकंद किंवा जास्त श्वास थांबला, किंवा अंग निळं-पांढरं पडलं, किंवा लुळं पडलं, तर वेळ न घालवता दवाखाना.

खरं सांगायचं तर आपल्याकडं लहान बाळं जास्त जातात ती दिवस भरायच्या आत जन्मल्यानं, न्यूमोनियानं आणि जंतुसंसर्गानं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली, तिथं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते छापून आलं आणि आज आशाताई घरी येतात त्या त्याच वाटेनं. श्वास मोजायचाच असेल तर त्या मोजतात तसा मोजा: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, छातीखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, मलूल आहे, यातलं काहीही असलं तर रात्री दोनलासुद्धा निघायचं. "सकाळी बघू" म्हणणाऱ्याला घरी ठेवून निघायचं.

रक्तात आहे का, हा तुमचा मुख्य प्रश्न होता, तो राहिलाच. आजीचा हार्ट अ‍ॅटॅक आणि पाळण्यातल्या बाळाचं मरण यांचा संबंध लावू नका. पण आई तरुण असताना गेली असेल, पन्नाशीच्या आत, किंवा घराण्यात कुणी ऐन उमेदीत खेळताना, पोहताना, झोपेत गेलं असेल, तर वेगळं. हृदयाचे ठोके बिघडवणारे आणि स्नायू जाड करणारे काही आजार पिढीजात असतात. तेव्हा तुमचा आणि भावंडांचा ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढावा लागतो, बाळाचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर सांगतील. आणि साधा वाहिनी तुंबण्याचा प्रकार असला तरी आईला ६५ च्या आत किंवा वडिलांना ५५ च्या आत झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो. म्हणजे बाळाचा नाही, तुमचा. आई कितव्या वर्षी गेली हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर यंत्राबाबतही तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट.

यंत्रासाठी जे पैसे बाजूला काढलेत त्यातून याच आठवड्यात स्वतःची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. वडील असतील तर त्यांची तारीख त्यांना स्वतः लिहून ठेवायला सांगा.