बायको कोणाशी हसून बोलली की जळफळाट होतो. ख्रिस्ती माणसासाठी हे पाप आहे का? प्रार्थनेने जाईल का?

दादा, तुमचा प्रश्न वाचताना मला माझा नवराच दिसला, म्हणून मी बायकोच्या बाजूने लिहितेय.

मी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा सूर) गायचे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांचं सुरू झालं, प्रॅक्टिसला एवढा वेळ का लागतो, तो टेनर गाणारा पुरुष तुझ्याकडे बघून का हसला, आणि मी काही बोलले की बायबलमधलं निर्गम २०:५ काढायचे, 'देव स्वतः ईर्ष्यावान आहे, मग मी का नको?' शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, घरात शांती हवी तर क्वायर सोडा. सोडलं. गाण्यांची फाईल परत देण्याआधी, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या पेन्सिलच्या खुणा एकेक करून खोडत बसले होते, पुढच्या बाईला अडचण नको म्हणून. आणि शांती किती दिवस टिकली? जेमतेम महिना. मग ऑफिसमधला एकजण, मग माझा सख्खा मावसभाऊ, मग फोन. कटकट नको म्हणून मी मेसेज डिलीट करायला लागले, 'उद्या मीटिंग दहाला' असले साधे मेसेज, ते ह्यांना कळलं आणि संशय दुप्पट झाला. ती चूक माझी, मान्य.

बायकोला घरात कोंडून मत्सर जात नाही, त्याला उलट खतपाणी मिळतं. हे मी भोगून सांगतेय.

आणि ते देवाच्या ईर्ष्येचं वचन मूर्तिपूजेच्या आज्ञेत आलंय, कोण कोणाकडे बघून हसलं त्यासाठी नाही. १ करिंथ १३:४ मधलं 'प्रीती हेवा करत नाही' आणि २ करिंथ ११:२ मध्ये प्रेषित पौलाला करिंथच्या मंडळीविषयी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांविषयी, वाटणारी ईर्ष्या, दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे. पौल मंडळीचं भलं बघतोय, ह्यांना स्वतःच्या जिवाची धाकधूक होती. त्यामुळे मनात आलं एवढ्याला मी पाप म्हणणार नाही, तिचा फोन उचललात की तिथून पाप.

प्रार्थनेचं म्हणाल तर वर्षभर ह्यांची प्रार्थना 'प्रभू, हिला सांभाळ' हीच होती. काही फरक नाही. एका रात्री दिवा बंद केल्यावर माझ्यासमोर मोठ्याने म्हणाले, 'प्रभू, मला भीती वाटते, ही सोडून जाईल.' मी हात धरला, बोलले काहीच नाही. मग स्वतःहून काउन्सेलरकडे गेले, एकटे. अजूनही अधूनमधून होतं, पण आता 'कोण होता तो?' विचारत नाहीत, 'आज परत होतंय' म्हणतात, आणि मग मलाही राग येत नाही.

हां, तिचं खरंच बाहेर काही असेल तर गोष्ट वेगळी. आणि तुमचा हात उठला असेल तर आधी वेगळे राहा, वचनं नंतर. पण तिला काही सोडायला लावू नका, आणि कोणा पाळकालाही तसं सांगू देऊ नका. मी क्वायरमध्ये परत गेले ते आमच्या पाळकसाहेबांनी बघितलंय, विषय मात्र ना त्यांनी काढला ना मी. मला काढायचाय.